चाचा होई आनला काय बघाय आलतं

"चाचा, एक तरी बरा आलाय का न्हाई? येवढं सांगा, मग मी गप बसतो."

चाचा भिंतीला हात लावून हुबं हुतं.

"दुपारधरनं तीनशे फोटो काडलं. तीनशेत एक न्हाई? चाचा!"

"ही भिंत कसली हाय रं, हिंदुराव?"

आता घ्या. मी इचारतोय काय, ह्ये बोलत्यात काय.

"भिंतीगत भिंत. पिवळी हाय."

"नुसती पिवळी?"

मी दात खाऊन भिंतीकडं बघिटलं. "खाली काळपट हाय. ओल धरल्यागत. तितनं वर मग पिवळी."

"काळं किती वर आलंय?"

"माझ्या छातीपतूर."

चाचांनी मान हलवली. "म्हंजे पूर येतो हितं."

आमी कृष्णाकाठची माणसं. असली रेघ आमच्या गावात घरोघरच्या भिंतीवर हाय. तरीबी मला ती दिसली नव्हती. त्याच भिंतीम्होरं मी पन्नास फोटो काडलं हुतं.

होई आन म्हंजे व्हिएतनाममधलं नदीकाठचं जुनं गाव. कौलारू घरं, पिवळ्या भिंती, दारोदारी रंगीत कंदील. पयलं म्हणं लांबलांबचं येपारी गलबतं घिऊन यायचं. आता फोटो काडणारं येत्यात.

आमी त्यातलंच. एका अल्बम छापणाऱ्या कंपनीनं आमच्या भागातल्या फोटोग्राफर लोकास्नी सहल दिली हुती. मला दोन तिकिटं. बायकू म्हणाली, मी इमानात बसत न्हाई, मारलासा तरी बसत न्हाई. चाचास्नी न्या. मक्केला उमऱ्याला जाऊन आल्यात, पासपोर्ट हाय त्यास्नी.

मी म्हणालो, डोकं फिरलंय का तुझं?

ती म्हणाली, चौऱ्याहत्तर वय झालं त्येंचं. तुमी बोलणार कवा? मयतीत?

चाचा म्हंजे दस्तगीर मुल्ला, माझं गुरू. आमच्या पेठेत त्येंचा स्टुडिओ. सातवी नापास झालो तवा बा नं मला त्येंच्या दारात आणून हुबा केला. बारा वर्सं ऱ्हायलो. फिल्मची मसाल्याची, म्हंजे फोटो उमटतो ती बाजू कुठली हे अंधारात कसं वळखायचं, तर फिल्म वठाला लावायची, चिकटती ती मसाल्याची. ह्ये त्येंनी शिकवलं. पेन्शिलीनं निगेटिव्हवरच्या देवीच्या वणाचं खड्डं कसं भरायचं, ते शिकवलं. मेलेल्या माणसाच्या फोटोत डोळं उघडं कसं काडायचं, ते बी शिकवलं.

एक गोष्ट केली न्हाई. बारा वर्सात माझ्या एका फोटोला चांगला म्हणालं न्हाईत.

बघायचं. बाजूला ठेवायचं. म्होरचा घ्यायचं.

एका लग्नाचं रोल मी काडून आणलं हुतं. म्हस्कोबाच्या वाडीतलं, गरिबाचं लग्न, काळं-पांढरं. चाचा डार्करूममधी रोल धूत हुतं. मी भायेरनं इचारलं, कसं आल्यात? आवाज न्हाई. परत इचारलं. आवाज न्हाई. तिसऱ्यांदा मी दारावर लाथ घातली.

दार उघडलं. आत ऊन शिरलं.

उजेडानं चारी रोल काळं ठिक्कर. त्या पोरीचं लग्न झालं, पर फोटोत कुठं दिसायचं म्हणून ऱ्हायलं न्हाई.

चाचांनी शिवी दिली आसती तर बरं झालं आसतं. ते नुसतं बघत ऱ्हायलं. मी तसाच भायेर पडलो, ते परत गेलो न्हाई. मागनं कळलं, चाचा सोता वाडीला गेलतं. चूक माझी झाली म्हणालं. नवरा-नवरीला परत लग्नाची कापडं घालायला लावून त्येंचा जोडीनं फोटो काडून दिला.

त्येच्यानंतर मी त्याच पेठेत, समोरच्या बाजूला दुकान टाकलं. अठ्ठावीस वर्सं दुकानं समोरासमोर. बोलणं न्हाई.

आन आता मी तिकीट घिऊन त्येंच्या दारात गेलो. ते खुर्चीवर बसलं हुतं. "कोण?" म्हणालं. मी म्हणालो, "हिंदुराव." "यीन," म्हणालं. "कवा निघायचं?"

कुठं ते बी इचारलं न्हाई.

खरं सांगायचं तर मी त्यास्नी देश दावाय आणलं नव्हतं. त्येंच्या तोंडातनं एक शब्द काडाय आणलं हुतं. चांगला. येवढाच. अठ्ठावीस वर्सं माझ्या दुकानात लोक वाहवा करत्यात, पर ती माझ्या कानाच्या आत जात न्हाई.

तर त्या दिवशी दुपारधरनं सांजपतूर फोटो काडत हिंडायचं ठरलं हुतं. वाट दावाय लान नावाची तितली एक पोरगी हुती. हातात पिवळी छत्री वर धरायची, आमी शेरडागत तिच्या मागं. तिला हिंदीचं चार शब्द येत हुतं. "जल्दी! धूप जल्दी!" म्हणायची. बाकी विंग्रजी. ते आमच्यातला जंबू मगदूम सांगायचा. जंबू जयसिंगपूरचा. फोटो बरा काडतो, तोंड वंगाळ.

चाचा माझ्या बॅगंचा पट्टा धरून चालत हुतं. म्हटलं, गर्दी हाय, म्हातारा माणूस हाय. त्येंनी कॅमेरा आणला नव्हता. म्हटलं, गुरू माणूस, ऐट आसती.

पर त्येंचं इचारणं काय संपंना.

"म्होरं काय हाय?"

"पूल हाय. लाकडाचा. वर छप्पर."

"पुलाला छप्पर कशाला?"

"मला काय ठावं? देऊळ हाय वाटतं आत. उदबत्तीचा वास येतोय न्हवं?"

"ते आलं ध्येनात. माणसं काय करत्यात पुलावर?"

"फोटो काडत्यात."

"सगळीच?"

मी बघिटलं. "सगळी न्हाईत. एक बाप्या कठड्याला टेकून बसलाय. पायातलं काडून पाय चोळतोय. दमलाय."

"हं."

तेवढंच. हं.

जंबू मागनं म्हणाला, "हिंद्या, तुझी तोंडी परीक्षा चाललीया लेका. नापास झालास तर परत सातवीत बसवतील."

"तू तुझं बघ, जंब्या. न्हाईतर हितंच नदीत बुडवीन."

"बुडव की. कंपनीनं इमा काडलाय."

सगळी हसली. चाचा बी हसलं. मला मात्र राग चढत चालला हुता. मलाबी तेच वाटत हुतं, म्हातारा परीक्षा घेतोय. पोथीतलं गुरू घेत्यात तसली. झाडावर काय दिसतं, पानावर काय दिसतं. माझं वय चोप्पन. दोन पोरींची लग्नं केल्यात. आता मला भिंतीचा रंग इचारून शाणा करायचा इचार हाय व्हय?

आमी नदीवर आलो. थू बोन म्हणत्यात नदीला. पलीकडं हाटेलं, अलीकडं दगडी पायऱ्या. पायऱ्यांवर आमच्यासारखी धा देशाची माणसं कॅमेरं रोखून बसलेली. ऊन असं पडलं हुतं की शेणाचा पो बी सोन्याचा दिसावा. लान वरडली, "धूप! जल्दी!"

मी कॅमेरा काडला.

"सूर्य कुठं हाय रं?" चाचा म्हणालं.

"समूर! नदीच्या वर दोन हात."

"पाण्यात पडलाय?"

"पडलाय."

"आख्खा?"

"न्हाई वो. तुकडं तुकडं. व्हडी गेली की मोडतोय. परत जुळतोय. तवर दुसरी व्हडी येतीया."

"मग आख्खा कवाच हुईत न्हाई?"

"... न्हाई."

"हं."

मी कपाळावर हात मारला अन खाली उतरलो.

पाण्याच्या कडंच्या पायरीवर एक म्हातारी बसली हुती. डोस्क्यावर त्येंची ती टोकदार, झापाची टोपी. म्होरं रंगीत कागदाची चळत. कागद दुमडून द्रोणागत करायची, त्यात मेणबत्तीचा तुकडा चिकटवायची. तिकडं अंधार पडला की लोक नदीत दिवं सोडत्यात, आमच्यात बायका सोडत्यात तसंच. सूर्य बराबर तिच्या मागं. टोपीच्या काठाला जाळ लागल्यागत उजेड.

असला फोटो जल्मात एकदा घावतो.

"म्हातारे, हिकडं बघ!" मी वरडलो. लग्नात वरडतो तसाच. मराठीतच. "हिकडं, हिकडं! मान वर! हां! हात खाली!"

तिला काय कळलं कुणाला ठावं. दचकली. मान वर केली. हात मांडीवर ठेवलं.

मी बटण दाबलं.

पळत पायऱ्या चढलो. सवयीनं कॅमेरा बंद केला, पट्टा मानंतनं काडला, चाचांच्या हातात दिला.

"ह्यो बघा. ह्यो बघून सांगा. आता काय म्हणणार हायसा?"

चाचांनी कॅमेरा दोनी हातात धरला. तोंडाजवळ नेला. लई येळ बघिटलं.

"चांगला आलाय," चाचा म्हणालं. "चांगला आलाय, हिंदुराव."

मी तितंच पायरीवर बसलो. चोप्पन वर्साचा बाप्या, परक्या देशात, अन डोळ्यास्नी धार लागली. पुसली न्हाई. कोण वळखतंय हितं आपल्याला?

जंबूनं बघिटलं. "काय झालं रं? कुठला फोटो?" त्येनं चाचांच्या हातातनं कॅमेरा घेतला. उलटा-पालटा केला. अन हसाय लागला.

"कॅमेरा बंद हाय की, लेका! उस्तादांनी बंद कॅमेऱ्यात काय बघिटलं?"

मी कॅमेरा हिसकावला. काच काळी. मीच बंद करून दिलता.

जंबू अजून हसत हुता. मी त्येच्याकडं बघिटलं, तसा हसायचा थांबला. "लान बोलवतीया," म्हणाला अन सटकला.

मी चाचांच्या म्होरं हुबा ऱ्हायलो.

"चाचा, हे काय? माझी चेष्टा केलीसा? बारा वर्सं गप बसलासा, वर अठ्ठावीस वर्सं गप बसलासा, आन आता काळी काच बघून चांगला म्हणतासा? त्यापरीस थोबाडीत हाणायची!"

लोक बघाय लागलं. बघू देत.

चाचांनी मान माझ्या आवाजाकडं केली. माझ्याकडं न्हाई. आवाजाकडं. माझ्या खांद्याच्या बाजूला बघत हुतं. डोळं उघडं हुतं, पर निगेटिव्हवर पेन्शिलीनं काडल्यागत.

माझ्या आंगातला राग एकदम कुठं गेला ते कळंना.

त्यो बॅगंचा पट्टा. ती भिंत. "कोण?" म्हणालं ते.

"... कवापासनं?"

"एक डोळा गेल्या उन्हाळ्यात गेला. दुसऱ्यानं उजेड कळतो. तोंडं कळत न्हाईत."

"डाक्टर काय म्हणाला?"

"काचबिंदू. लई उशिरा आलासा म्हणाला."

"पोरास्नी ठावं हाय?"

"न्हाई. ठावं झालं तर पुण्याला नेतील. खोलीत बसवतील."

मी त्येंच्या शेजारी बसलो. काय बोलावं सुचंना. सुचलं न्हाई की मला राग येतो. तसाच परत आला.

"मग इमानात बसून सा तास हितवर कशाला आलासा? काय बघाय?"

"तू दारात आलास. अठ्ठावीस वर्सांनी आलास. न्हाई कसं म्हणू?"

नदीत एक व्हडी गेली. सूर्य मोडला. परत जुळला.

"आन चांगला म्हणालासा ते?" मी खालच्या आवाजात इचारलं. "न बघता?"

"बघून कोण बी म्हणतंय."

"मला तसलं नको हुतं, चाचा. मला खरं पायजे हुतं."

चाचा म्हणालं, "चालू कर कॅमेरा."

मी चालू केला. फोटो आला.

"सांग. काय आलंय?"

"म्हातारी आलीया. मागं सूर्य. टोपीला उजेड."

"आन तोंड?"

मी बघिटलं. तवर मी तोंड बघिटलंच नव्हतं. उजेड बघिटला हुता.

"तोंड..."

"सांग."

"भ्यालीया. खांदं आकसल्यात. हात मांडीवर थापल्यागत ठेवल्यात. मयताला बसवून फोटो काडत्यात तशी बसलीया."

"कशानं?"

"... मी वरडलो म्हणून."

"मग कसा आलाय?"

खोटं मला जमत न्हाई.

"न्हाई आला चांगला."

"हं," चाचा म्हणालं.

त्या हं चा मला पयल्यांदा राग आला न्हाई.

"म्हातारी गेली का, हाय?"

"हाय."

"आता काय करतीया?"

मी खाली बघिटलं. ती आमच्याकडं पाठ करून परत कामाला लागली हुती.

"कागद दुमडतीया."

"कसा?"

"पयलं मधनं. मग चारी कोपरं वर घेती. अंगठ्याचं नख फिरवती कडंवर, दोनदा. डाव्या हाताचं. उजवा अंगठा वाकडा हाय तिचा. मोडून बसलेला असंल."

"मेण?"

"मेणबत्ती पेटवून दोन थेंब पाडती. त्येच्यावर तुकडा हुबा करती. आन फुकती. असं गाल फुगवून. नातवाला चहा फुकून द्यावा तसं फुकती, चाचा."

"वय?"

"तुमच्यायेवढं. जास्तच. दात काळं हायत, मिसरी लावल्यागत. आता एक बाई आली, तिनं शेजारी कावड उतरवली. कसल्या तरी भाजीच्या पेंड्या. दोघी बोलत्यात. म्हातारी माझ्याकडं हात करतीया. माझंच सांगतीया तिला, ह्यो बघ, ह्यो वरडला म्हणून. नक्कल करतीया माझी! मान अशी तानून, हात असं झाडून... आयला, बराबर करतीया."

"आन ती दुसरी?"

"हसतीया. पेंड्या सोडून पोट धरून हसतीया. आता म्हातारी बी हसाय लागली. तोंडाला पदर न्हाई, तर टोपी काडून तोंडाम्होरं धरतीया. केस पार पातळ झाल्यात, चाचा. पांढरं फेक. बुचडा लिंबायेवढा. त्यात काय तरी खोवलंय... काडी हाय. न्हाई, पेन हाय. लिवायचा पेन."

"पेन कशाला?"

"थांबा, बघतो. ... हां. द्रोणाच्या बुडाला काय तरी लिवती. नाव बिव. येकेकावर लिवती. लई हळू लिवती. माझ्यासारखीच असंल, सातवी नापास."

चाचा हसलं. मोठ्यांदा हसलं. बारा वर्सं त्येंच्याजवळ ऱ्हायलो, असं हसताना ऐकलं नव्हतं.

मी बोलत ऱ्हायलो. पाण्यावर कसलं तण तरंगत आलं ते सांगिटलं. व्हडीवाला पायानं वल्हं धरून तंबाखू मळतोय तसं काय तरी करत हुता, ते सांगिटलं. पलीकडल्या हाटेलात एक गोरी बाय एकटीच जेवाय बसली हुती, म्होरच्या रिकाम्या खुर्चीम्होरं बी तिनं ताट लावाय लावलं, ते सांगिटलं. चाचा मधनं इचारायचं, मी परत बघायचो, परत सांगायचो. कॅमेरा मांडीवर पडून हुता. कवा बंद पडला कळलं न्हाई.

किती येळ गेला ठावं न्हाई.

जंबू वरनं वरडला, "हिंद्या! चल की! लान निघाली! संपला खेळ!"

मी वर बघिटलं. सूर्य नव्हता.

कवाच गेलता. पाणी शिशागत झालं हुतं. लोक तिपाया मिटून, बॅगा भरून चाललं हुतं. पलीकडं एक-दोन कंदील लागलं हुतं. ज्या उजेडासाठी दुपारधरनं बोंबलत हिंडलो, त्यो माझ्या म्होरनं निघून गेला अन मी एक बी फोटो काडला न्हाई.

शेजारी चाचा खिसा चाचपत हुतं. त्येंनी पांढरा रुमाल काडला. झटकला. डोस्क्याला बांधाय लागलं.

"हिंदुराव, सूर्य बुडाला न्हवं?"

साठ वर्सं दिस बुडल्यावरची मगरिबची नमाज पडलेला माणूस. सूर्य कवा बुडतो हे त्यास्नी मी सांगायचं? त्येंच्या तोंडावरचं ऊन जाऊन येळ झालता.

आन मी कसला? नव्या नवरीला तोंडावर सांगणारा, की बाय, पावडर लई झाली, पुसून ये. कुणाला बरं वाटावं म्हणून मी जल्मात शब्द बोललो न्हाई.

"न्हाई, चाचा," मी म्हणालो. "हाय अजून."

चाचांचं हात गाठीवर थांबलं.

वरनं जंबूनं परत हाक मारली.

चाचांनी गाठ सोडली. रुमाल डोस्क्यावरनं काडला. मांडीवर ठेवून चार घड्या घातल्या, खिशात ठेवला. सरकून माझ्या खांद्याला खांदा लावून बसलं. तोंड नदीकडं केलं.

"मग सांग की," म्हणालं. "कसा दिसतोय?"